ऊन, भुकटी आणि निळे पाणी

उन्हाच्या मदतीने पाण्यातले विषारी सेंद्रिय पदार्थ मोडून टाकणाऱ्या नॅनोपदार्थांचा इतिहास सुरू होतो तो रंगाच्या धंद्यातल्या एका तक्रारीपासून. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शिशाच्या सफेद्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइड घेऊ लागला. तो शुभ्र होता आणि शिशासारखा अंगाला बाधत नव्हता. पण उन्हाच्या भिंतीवर दिलेला हा रंग काही वर्षांत भुकटी होऊन सुटे; भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा. ऊन लागून रंग विटतो हे सगळ्यांना ठाऊक होते, इथे प्रकार वेगळा होता. पांढरा कण स्वतः शाबूत राहत होता आणि ऊन पिऊन आपल्याला धरून ठेवणारे तेल व राळच खात होता. जर्मनीत आयब्नर यांना १९११ मध्ये झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात प्रशियन निळा रंग उजेडात उडताना दिसला होता. १९३८ मध्ये गुडिव्ह आणि किचनर यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर रंगद्रव्ये कशी फिकट होतात याची मोजमापे घेतली. रंगवाल्यांनी कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचा पातळ लेप चढवून आपली अडचण सोडवली. त्यांच्या दृष्टीने तो मालातला दोष होता, आणि दोष म्हणूनच तो पुढची काही दशके नोंदला गेला.

या दोषाचे स्वरूप समजायला अर्धवाहक पदार्थाची घडण पाहावी लागते. अशा पदार्थात इलेक्ट्रॉनांसाठी दोन मजले आहेत असे मानावे. खालचा मजला गच्च भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये जिना नाही. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला तरच इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली त्याची रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी पुन्हा खाली पडतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मात्र तेवढ्यात दोघे कणाच्या पृष्ठभागावर पोहोचले, तर होल तिथल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवतो आणि इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला सक्रिय करतो. हायड्रॉक्सिल मूलकाला आवडनिवड नसते. रंग, कीटकनाशक, औषधाचा अंश, जे समोर येईल त्याला तो तोडतो, आणि प्रक्रिया शेवटपर्यंत गेली तर हाती कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. कण नॅनो आकाराचा असण्याचे महत्त्व इथेच आहे. कण लहान, म्हणून पृष्ठभागापर्यंतची वाट लहान. आणि पृष्ठभाग मात्र अफाट. पी-२५ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा कण सुमारे २१ नॅनोमीटरचा असतो. त्याच्या एक ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो, म्हणजे वन-बीएचके फ्लॅटएवढा.

दोषाचा गुण झाला तो तोक्योत. केनिची होंडा यांचे विद्यार्थी अकिरा फुजिशिमा यांनी १९६७ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्यावर प्रखर प्रकाश सोडला, तेव्हा बुडबुडे निघू लागले. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत होते. त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये जुलै १९७२ मध्ये छापून आला.   पुढच्या वर्षी तेलाचे भाव भडकले आणि उन्हापासून इंधन काढण्याच्या आशेने जगाचे लक्ष या निबंधाकडे वळले. इंधनाचे गाडे रखडले, पण एक आडवाट सापडली. १९७७ मध्ये टेक्सासमध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाने पाण्यातले सायनाइड नष्ट होते असे दाखवले. त्यानंतर क्लोरीनयुक्त द्रावके, फिनॉल, कीटकनाशके अशी यादी लांबत गेली.

अडचण होती ती मजल्यांमधल्या अंतरात. ॲनाटेज या रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हे अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ते ओलांडायला ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीची प्रकाशलहर, म्हणजे अतिनील किरण लागतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अतिनीलाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. ज्या दृश्य प्रकाशाने जग उजळते त्याच्याकडे हा पदार्थ ढुंकूनही पाहत नाही. म्हणून तर तो पांढरा दिसतो. उन्हाळ्याच्या दुपारी पदार्थाला उपाशी ठेवून त्याच्यासाठी विजेचा अतिनील दिवा लावायचा, हा द्राविडी प्राणायामच होता.

मग रंगीत अर्धवाहकांकडे मोर्चा वळला. पिवळ्या कॅडमियम सल्फाइडचे अंतर २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे हिरव्या प्रकाशापर्यंतची सगळी ऊर्जा त्याला चालते. पण उजेडात तो स्वतःच विरघळतो आणि पाण्यात कॅडमियम सोडतो. पाणी शुद्ध करायला निघालेल्या पदार्थाने विष कालवावे, हे परवडणारे नव्हते. या विषयाची पुढची सगळी वाटचाल याच पेचाभोवती फिरते. मजले जवळ आणावेत तर ऊन जास्त पचते, पण इलेक्ट्रॉन आणि होल यांची ताकद घटते, ते लवकर एकमेकांत मिसळतात, किंवा पदार्थच टिकत नाही. मजले दूर ठेवावेत तर पदार्थ दणकट, पण उन्हाला आंधळा.

एक तोड अशी निघाली, की पांढऱ्या पदार्थातच थोडी भेसळ करायची. जपानमध्ये साटो यांनी १९८६ मध्ये अमोनियाच्या संपर्कात तयार झालेला पिवळसर टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाशातही काम करतो असे नोंदवले. त्या नोंदीची फारशी कुणी दखल घेतली नाही. १५ वर्षांनी, २००१ मध्ये, टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या असाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडवरचा निबंध 'सायन्स'मध्ये छापला आणि एकच धांदल उडाली. विज्ञानातही वेळ आणि पत्ता यांना किंमत असते.

महाराष्ट्रात हा विषय रसायन अभियंत्यांच्या हातून रुजला. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, भाटखंडे आणि पांगारकर यांनी डच अभियंते बीनॅकर्स यांच्यासह २००२ मध्ये पर्यावरणासाठीच्या प्रकाशउत्प्रेरणाचा, म्हणजे उजेडात भुकटीकडून प्रदूषक मोडून घेण्याच्या या पद्धतीचा, विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. कोणता प्रदूषक, कोणता दिवा, किती भुकटी, किती वेळ, असा तो कारखान्याच्या भाषेतला हिशेब होता आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात स्वस्त पद्धतींनी पातळ थर बनवण्याचे घराणेच तयार झाले होते. चंचुपात्रात क्षारांचे द्रावण घेऊन त्यात काच उभी बुडवायची आणि तिच्यावर सल्फाइडचा थर आपोआप बसू द्यायचा, या रासायनिक पद्धतीचा राजाराम माने आणि सी. डी. लोखंडे यांनी २००० मध्ये घेतलेला आढावा आजही संशोधक विद्यार्थ्यांच्या पहिल्या वाचनात असतो. निर्वात यंत्राचे पैसे नाहीत म्हणून हात चंचुपात्राकडे वळले, हेही त्यामागचे एक कारण होते.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या सी-मेट या केंद्रातले भारत काळे यांनी कोरियन सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडवर काम प्रसिद्ध केले. हा पदार्थ बंद भांड्यात पाण्यात शिजवला तर सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्यांवर पाकळ्या रचलेला गेंद दिसे. पाण्याऐवजी मिथेनॉल घेतले तर नळ्या होत. निबंधाच्या शीर्षकात त्या गेंदाला झेंडूचे नाव दिले गेले. या झेंडूने दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तेलशुद्धीकरणातून निघणारा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, फोडून हायड्रोजन काढून दाखवला. पाकळ्यांचा उपयोग शोभेपुरता नव्हता. पातळ पाकळीत इलेक्ट्रॉनाची वाट आखूड होते आणि दोन पाकळ्यांमधल्या फटींत प्रकाश अडकून राहतो.

हा विषय पुढे औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरलाही, पोहोचला; तिथे पाण्याचा इतिहास जुना आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे याच शहरात, डोंगरातले पाणी खापरी नळांनी आणले. पुढे तशाच नळाच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. खाम नदी तिच्या पायथ्याशी होती. हिमरू विणणारे आणि पैठणचे पैठणीवाले यांचा रंगाशी संबंध शतकांचा; पण त्यांची रंगाची हंडी लहान होती. पाण्याचा पोत बदलला तो औद्योगिक वसाहतींनी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. मग रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा भागांत कारखाने आले, आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटो सुरू झाल्यावर सुट्या भागांचे, मुलाम्याचे, औषधांचे आणि बिअरचे कारखाने दाटीने उभे राहिले. खाम पुढे जाऊन गोदावरीला, जायकवाडीच्या नाथसागराला मिळते, आणि शहर पिते ते त्याच नाथसागराचे पाणी. या भूगोलामुळे सांडपाण्याचा प्रश्न इथे पुस्तकी राहिला नाही. नैसर्गिक प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातला मळ रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावी, असा नियम आहे. जीवाणूंच्या टाकीतून बराच मळ जातो. काही औषधी अंश आणि बरीच कृत्रिम रंगद्रव्ये मात्र जीवाणूंना पचत नाहीत, तशीच पुढे वाहतात.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले.  लेण्यांच्या डोंगराला टेकून असलेल्या या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रकाशउत्प्रेरण आले ते चुंबकाच्या वाटेने. तिथे के. एम. जाधव आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे फेराइटांवर, म्हणजे लोखंड आणि दुसऱ्या एखाद्या धातूच्या चुंबकीय ऑक्साइडांवर काम करत होते. कोबाल्ट फेराइटचे नॅनोकण ज्वलनपद्धतीने बनवून त्यांची रचना आणि चुंबकत्व तपासणारा त्यांच्या गटाचा निबंध २००८ चा आहे. ही पद्धत मराठवाड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत पसरली, कारण तिला फारसे काही लागत नाही. लोह आणि कोबाल्ट यांची नायट्रेटे आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवतात. अमोनियाचे थेंब सोडत पीएच ७ वर आणतात आणि भांडे चुंबकीय ढवळणीसह हॉट प्लेटवर ठेवतात. काही तासांत द्रावण काकवीसारखे दाट होते, ढवळणीची कांडी अडखळते, ती काढून घ्यावी लागते. मग जेल फुगतो, तपकिरी धूर निघतो आणि एका कडेला ठिणगी पडते. ती ठिणगी सावकाश सगळ्या भांड्यातून चालत जाते आणि मागे ठेवते ती भांड्यात मावेल त्याहून जास्त वाटणारी, हलकी, काळपट तपकिरी राख. ती खलात घोटून भट्टीत सुमारे ६०० अंशांवर काही तास भाजली की फेराइट तयार.

चुंबकत्वासाठी बनवलेली ही भुकटी दृश्य प्रकाशही शोषते. झिंक फेराइटचे मजले सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर असतात, म्हणजे लाल रंगाच्या उंबऱ्यापर्यंतचे ऊन त्याला चालते. शिवाय कोबाल्ट किंवा निकेल फेराइट काम झाल्यावर चुंबकाने ओढून घेता येतो, आणि ही सोय मोठी आहे. पांढरी टायटॅनियमची भुकटी पाण्यात इतकी मिसळते की ती परत काढणे हाच एक स्वतंत्र खर्च होतो. इथे भांड्याबाहेर चुंबक धरला की कण भिंतीकडे सरकतात आणि पाणी नितळ ओतून घेता येते. उणीव अर्थात तीच जुनी. मजले जवळ, म्हणून होलाचा जोर कमी. त्यावर उपाय दोन. एक, फेराइटला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडशी जोडायचे, म्हणजे एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातो आणि पुनर्मीलन टळते. दुसरा, थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचा. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की जोमदार ऑक्सिडीकरण होते, ही फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवलेली गोष्ट. उन्हात तिला आणखी धार येते.

दुसरा स्वस्त पदार्थ खताच्या पोत्यातून आला. कार्बन नायट्राइडच्या घराण्यातला मेलॉन हा पदार्थ लीबिग यांनी १८३४ मध्येच वर्णिला होता. २००९ मध्ये जर्मनी, चीन आणि जपानमधल्या संशोधकांनी तो दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढतो असे दाखवले. अंतर २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, धातू एकही नाही. पुढे कळले की झाकण लावलेल्या मुशीत युरिया सुमारे ५५० अंशांवर दोन-चार तास तापवला तरी तो मिळतो. मुशीभर युरियातून चिमूटभर फिकट पिवळी, सुपारीच्या फुलासारखी हलकी भुकटी हाती येते. बाकीचा अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून हा प्रयोग खिडकी उघडी ठेवूनच करतात.

केंद्र सरकारचे नॅनो मिशन २००७ मध्ये सुरू झाले. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले. या दोन गोष्टींनी मिळून विषयाला पूर आणला. प्रकाशउत्प्रेरणाचा प्रयोग या पुरासाठी जणू बेतूनच दिलेला होता. १०० मिलिलिटर पाणी, त्यात लिटरला १० मिलिग्रॅम या मापाने मिथिलीन ब्ल्यू, आणि लिटरला एक ग्रॅम भुकटी. अर्धा तास अंधारात ढवळायचे, म्हणजे भुकटीला नुसता चिकटणारा रंग वेगळा कळतो. मग सकाळी अकरा ते दोनच्या उन्हात भांडे गच्चीवर ठेवायचे, दर १५ मिनिटांनी थोडे पाणी काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि वर्णपटमापकात ६६४ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचे. निळी शाई आकाशी होते, आकाशी पाणी पांढरट होते, आलेखातला डोंगर बसत जातो. मराठवाड्यात पावसाळा सोडला तर या प्रयोगाला लागणाऱ्या उन्हाची कधी ददात नसते.

या सोप्या प्रयोगानेच विषयाची दिशाभूलही केली. मिथिलीन ब्ल्यू हे १८७६ मध्ये कारो यांनी बनवलेले रंगद्रव्य. ते स्वतःच दृश्य प्रकाश शोषते. उन्हात ते आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन स्वतः मोडू शकते. भुकटीने ऊन न पाहताही रंग जातो. जपानमधल्या ओहतानी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमका हाच इशारा दिला: दृश्य प्रकाशातल्या उत्प्रेरकाची परीक्षा रंगद्रव्याने घेऊ नये. शिवाय मिथिलीन ब्ल्यूचे एक बिनरंगी रूप असते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात निळी बाटली रंगहीन होते आणि हलवली की पुन्हा निळी, ती हीच किमया. म्हणजे रंग गेला याचा अर्थ रेणू गेला असा नाही. रेणूतला कार्बन खरोखर किती जळाला ते सेंद्रिय कार्बनमापक सांगतो, पण ते यंत्र जिल्ह्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे. डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळून रासायनिक प्राणवायू मागणी काढता येते. ती कष्टाची आहे, तरी जिथे ती काढली आहे ते निबंध अधिक विश्वासाने वाचावेत. आकाशी आलेखांच्या गर्दीत असे निबंध कमी आहेत.

नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात हाच प्रयोग मंदावतो. दख्खनच्या बेसाल्टातल्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि ते हायड्रॉक्सिल मूलक मधल्यामधे फस्त करते. सांडपाणी गढूळ असेल तर ऊन काही सेंटिमीटरही आत जात नाही. आणि हिशेब मांडला तर लिटरला एक ग्रॅम या मापाने दिवसाच्या दहा लाख लिटर पाण्याला एक टन भुकटी लागते. ती परत मिळालीच पाहिजे. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात १९९० च्या दशकात आरशांच्या पन्हळींतून सांडपाणी खेळवून मोठे प्रयोग झाले. त्यातून निघालेला निष्कर्ष सावध आहे. ही पद्धत पहिल्या टाकीची नव्हे, शेवटच्या टाकीची.

खाम नदीवर अलीकडच्या वर्षांत महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक आणि इकोसत्त्व यांनी मिळून पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. तिथे कचरा उपसला गेला, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसल्या, काठ बांधले, झाडे लागली. नॅनोकणांचे तिथे काही काम नव्हते आणि नदीच्या पात्रात ते असूही नयेत. त्यांची जागा त्याआधी, औषधाच्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून जीवाणूंच्या टाकीतून सुटून जाणाऱ्या प्रतिजैविकांकडे लक्ष वळले. ही द्रव्ये बहुतांशी रंगहीन असतात, त्यामुळे रंगद्रव्याची पळवाट इथे बऱ्याच अंशी बंद होते. अलीकडच्या प्रयोगांत भांड्यातला निळा रंग कमी होत चालला आहे. त्याच्या जागी टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, पॅरासिटामॉल येते आहे. भुकटी पाण्यात सोडण्याऐवजी काचेच्या मण्यांवर किंवा सिरॅमिकच्या तुकड्यांवर भाजून बसवली जाते आहे, आणि ढगाळ दिवसांसाठी भांड्याभोवती एलईडीची पट्टी गुंडाळलेली असते.